पाच वर्षांची 'मूळव्याध'

चिठ्ठीवर निदान आधीच लिहून आलं होतं: मूळव्याध. मुलगी पाच वर्षांची, वजन १७ किलो. सोबत आई, आजी आणि वडिलांचं अर्धं संपलेलं मलम. "बापालाच आहे, तिच्यात उतरलंय," आजी म्हणाली. तेच मलम आठ दिवस पोरीला चोपडत होते. मोठ्यांच्या या मलमांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. घरात ट्यूब आहे म्हणून ती मुलांना लावायची नसते.

लहान मुलांत खरी मूळव्याध क्वचितच दिसते. दिसलीच, तर यकृताकडे जाणाऱ्या शिरेत अडथळा नाही ना, हे बघावं लागतं. म्हणून आधी पोट तपासलं. अशा अडथळ्यात वाढणारी प्लीहा हाताला लागली नाही, पण डावीकडे खाली मातीच्या गोळ्यांसारखे खडे हाताला लागले. मग कुशीवर झोपवून, गुडघे पोटाशी घेऊन, गुदद्वार नुसतं अलगद फाकवून पाहिलं. बोट आत घालायची गरजच नव्हती. पाठीकडे, बरोबर मध्यावर चीर, आणि तिच्या टोकाला कातडीचा छोटा लोंबता तुकडा. घरच्यांचा 'मोड' तो हाच. चीर बाजूला असती, तर क्षय, आतड्याचा दाह आणि ज्याबद्दल घरात कोणी बोलत नाही, त्या लैंगिक अत्याचाराचाही विचार करावा लागला असता. न दुखता लालभडक रक्त पडत असतं, तर पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरचा कोंब, शोधला असता. इथे दुखत होतं आणि रक्ताची रेघ शीच्या वरून होती.

"कुंथते हो फार," आई म्हणाली. कशी, ते करून दाखवायला सांगितलं. कपाटाआड, चवड्यांवर उभी, पाय एकमेकांत अडकवलेले, तोंड लाल. हे कुंथणं नव्हे, शी दाबून धरणं. एकदा दुखलं की मूल धरून ठेवतं, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, खडा मोठा होतो आणि पुढच्या वेळी पुन्हा चिरतं. यावर आजी साबणाची वडी आत सरकवत होती. साबणाने आतलं नाजूक अस्तर भाजतं आणि मुलाची भीती दुप्पट होते.

शी मऊ करणारी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली, १७ ग्रॅमची पाकिटं. साठलेलं काढायला किलोमागे दीड ग्रॅम, म्हणजे रोज दीड पाकीट, पाण्यात विरघळवून दिवसभरात थोडं थोडं. असे तीन ते सहा दिवस. मग रोज अर्धं. जोडीला घमेल्यात कोमट पाणी, दिवसातून दोनतीनदा दहा मिनिटं बसवायचं. पाण्यात डेटॉल नाही, मीठही नाही. नंतर टिपून कोरडं करायचं, पुसायचं नाही, आणि वर साधं व्हॅसलीन.

चौथ्या दिवशी फोन आला: "जुलाब लागले, औषध बंद केलं." ते जुलाब नव्हते. अडकलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ झिरपत होतं. अशा वेळी औषध थांबवायचं नसतं, चालू ठेवायचं असतं. हे त्यांना आधी सांगायला हवं होतं. मी पाकिटं मोजून दिली आणि नेमकं हेच बोलायचं विसरलो. गोळा पुन्हा जमला आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

दुसऱ्या खेपेला जेवणाचं विचारलं. दिवसाला जवळजवळ लिटरभर दूध आणि मारी बिस्किटं. दूध दोन कपांवर आणलं. भाकरी, वरण, पपई, पेरू वाढवलं. आणि शाळा? तिथल्या संडासाला कडी नाही, नळाला पाणी नाही, म्हणून पोरगी सकाळपासून घरी येईपर्यंत धरून ठेवते. एवढी मोठी इमारत बांधणाऱ्यांना एक कडी बसवता येत नाही, आणि औषध मी लिहून द्यायचं! शेवटी वेळच बदलली. खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं, म्हणून सकाळी नाश्ता झाला की पाच-दहा मिनिटं बसायचं. कमोड असल्याने पायाखाली पाट, गुडघे कमरेच्या वर. शी झाली नाही तरी रागवायचं नाही.

आता रोज मऊ होते. तरी पावडर निदान दोन महिने चालू राहील, आणि महिनाभर काही त्रास नसला तरच हळूहळू कमी करू. चीर भरली. कातडीचा तुकडा मात्र तसाच आहे. त्याचा काही त्रास नाही, तो तसाच राहिला तरी चालतो. आजी दर खेपेला विचारते, "मोड कधी कापणार?"