राजम्याच्या डब्यांसमोर

न्यू जर्सीत आले तेव्हा मला वाटायचं हिस्पॅनिक (स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतल्या मुळाचे लोक) म्हणजे मेक्सिकन, विषय संपला. मग एकदा राजमा शोधत सुपरमार्केटात गोया ह्या हिस्पॅनिक खाद्यपदार्थांच्या कंपनीच्या शेल्फसमोर उभी राहिले आणि डोकंच गरगरलं, काळे, गुलाबी, पिंटो, लाल, किती ते डबे! शेजारच्या पोर्तो रिकन काकू सोबत होत्या, त्या हसून म्हणाल्या आम्ही ह्याला आबिचुएलास म्हणतो, मेक्सिकन लोक फ्रिहोलेस, आणि क्युबन माणसाला काळेच लागतात. म्हणजे भाषा एक पण डबा वेगळा (आपल्याकडे नाही का, आमटीवरून घाट आणि कोकणाचं कुठे जमतं). गोया १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली, तीही स्पेनहून आलेल्या माणसाने केलेली, पण त्यांनी ह्या आवडीनिवडी बरोबर पकडल्या. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेत ६ कोटी २० लाखांच्या वर हिस्पॅनिक लोक निघाले, त्यात निम्म्याहून जास्त मेक्सिकन मुळाचे, तरी काही कंपन्या इंग्लिश जाहिरातीचं स्पॅनिश भाषांतर करतात आणि मोकळ्या होतात. काकूंची नात तर आजीशी स्पॅनिश बोलते आणि फोनवर सगळं इंग्लिश, तिला कुठल्या भाषेत विकणार बाबा? मी शेवटी गुलाबी डबा उचलला. काकूंनी सोफ्रितो (कांदा, लसूण, ढोबळी मिरचीचं वाटण) करून दाखवलं, आपला गरम मसाला टाकायची हिंमत काही झाली नाही त्यांच्यासमोर.