आधी खुंट जपा

आमच्या रावेर-यावल पट्ट्यात केळी लावणाऱ्याला करपा समजावून सांगावा लागत नाही. पानावर बारीक पिवळ्या रेघा दिसल्या की माणूस विळा घेऊन बागेत शिरतो, करपलेलं पान छाटून बाहेर काढतो, फवारणी घेतो, आणि बाग तरून जाते. पण असा रोग डोंगरावरच्या झाडाला लागला तर? तिथे कोण छाटणार आणि कोण फवारणार?

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगरांमध्ये हे घडलेलं आहे. तिथलं देशी चेस्टनट हे जंगलातलं मोठं झाड. अस्वलांपासून माणसांपर्यंत सगळे त्याची फळं खायचे, आणि लाकूड असं टिकाऊ की कुंपणापासून पाळण्यापर्यंत सगळीकडे तेच. १९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातली चेस्टनटची झाडं वाळताना दिसली. आशियातून आणलेल्या रोपांबरोबर एक बुरशी आली होती. सालीला कुठे चीर पडली की ही बुरशी आत शिरते, सालीखालचा जिवंत थर मारत खोडाला वेढा घालते. सालीवर नारिंगी पुटकुळ्या येतात आणि वेढा पुरा झाला की वरचं सगळं झाड वाळतं. पन्नासेक वर्षांत ३०० ते ४०० कोटी झाडं गेली. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून बराच वेळ गप्प बसलो होतो.

मूळ मात्र मरत नाही. ही बुरशी जमिनीखाली टिकत नाही, मातीतले इतर जीव तिला वाढू देत नाहीत. त्यामुळे खुंटाला धुमारे फुटतात, काही वर्षं वाढतात, साल जाड होऊन तडकायला लागली की पुन्हा रोग पकडतो, आणि पुन्हा खालून फुटवे. शंभर वर्षं हेच चालू आहे. फुलण्याइतकं मोठं होणारं झाड विरळाच.

माझी लेक पेनसिल्व्हेनियात असते. तिथे चेस्टनट परत आणण्यासाठी झटणाऱ्या स्वयंसेवकांत ती सुट्टीच्या दिवशी जाते. जूनच्या शेवटी झाड फुलतं, तेव्हा मादी फुलांवर कागदी पिशव्या बांधायच्या, म्हणजे भलताच पराग पोचत नाही. काही दिवसांनी पिशवी काढून हवा तो पराग हाताने लावायचा आणि पुन्हा बांधायची. सप्टेंबरात फळं काढायची. त्या फळाचं काटेरी कवच तिने मला व्हिडिओवर जवळ धरून दाखवलं. सुईसारखे काटे इतके दाट की जाड चामड्याचे हातमोजे घातल्याशिवाय हात लावता येत नाही, आणि आत मखमली अस्तरात तीन तपकिरी बिया.

“बाबा, रोपं थोडी मोठी झाली की आम्हीच त्यांच्या सालीला भोक पाडून बुरशी भरतो,” ती म्हणाली.

“म्हणजे रोग तुम्हीच लावता?”

“लावावाच लागतो. जे तग धरतं ते ठेवायचं, बाकीचं उपटायचं. बहुतेक उपटावीच लागतात.”

या कामासाठी तिथे १९८३ मध्ये संस्था निघाली. गव्हाचे सुधारित वाण काढणारे नॉर्मन बोरलॉग तिच्या संस्थापकांत होते हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. आमच्या घरच्या गव्हालाही त्या माणसाचा हात लागलेला आहे. चीनचं चेस्टनट रोग सोसतं, म्हणून त्याच्याशी संकर करून पुन्हा पुन्हा देशी झाडाशी जुळवत न्यायचं, अशी कल्पना होती. पण सहनशक्ती एक-दोन जनुकांत नसून अनेकांत विखुरलेली निघाली, त्यामुळे वाट लांबली. दुसरीकडे गव्हातलंच एक जनुक चेस्टनटमध्ये घातलं गेलं, ते बुरशी सोडते त्या आम्लाचं विघटन करतं. त्यातही २०२३ च्या डिसेंबरात असं उघड झालं की वर्षानुवर्षं तपासलेला वाण मुळात ठरवलेला नव्हताच, दुसराच होता. संस्थेने त्याला दिलेला पाठिंबा काढून घेतला. लेक त्या आठवड्यात फोनवर फार थोडं बोलली. पुढच्या जूनला मात्र पिशव्या बांधायला गेलीच.

तिच्याकडून मी घेतलं ते एवढंच, की या लोकांनी आधी जंगलात हिंडून जिवंत उरलेलं एकेक झाड शोधलं, नोंदलं, सांभाळलं. आपण पावसाळ्यात आधी नव्या रोपांसाठी खड्डे खणतो.

आमच्या सातपुड्याचं झाड अंजन. मुरमाड, तापलेल्या उतारावर दुसरं काही उभं राहत नाही तिथे ते राहतं. पानाच्या दोन दळांची जोडी, आणि लाकूड एवढं जड की पाण्यात बुडतं. त्याचा घात बुरशीने केलेला नाही. कुऱ्हाड, वणवा आणि चाऱ्यासाठी दर वर्षी होणारी पाल्याची तोड, यांनी ते खुरटलंय. आम्ही काही मंडळी रविवारी पायथ्याच्या गावांमध्ये फिरून अंजनाचे जिवंत खुंट नोंदवतो. एका खुंटाला आठ-दहा फुटवे असतात. त्यांतले सरळ दोन ठेवून बाकीचे काढायचे, भोवती दगड रचायचे, वर बोराटी, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या, टाकायची. जवळ गुरं चारणाऱ्या एका तडवी आजींनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं, “भाऊ, शेळीचं तोंड पोचणार नाही एवढं उंच होऊ द्या, मग त्याला कोणी काही करत नाही.” तेव्हापासून बोराटी छातीएवढी रचतो.

बी मिळवणं अवघड. फुलोरा पावसाळ्यात, शेंगा पिकतात उन्हाळ्यात, आणि भरपूर बी दर वर्षी धरत नाही. चपटी पंखासारखी शेंग, टोकाला एकच बी. वारा सुटला की दूर जाते, म्हणून आधीच गोळा करावी लागते. सोटमूळ खोल जातं, पिशवीत ते वळतं, त्यामुळे पहिल्या पावसात बी जागेवरच टोबलेलं बरं. पहिले काही उन्हाळे रोपाचा शेंडा वाळतो. वरून बघणारा म्हणतो, मेलं. खाली मूळ उतरत असतं, पावसाला पुन्हा पान येतं. म्हणून आमच्याकडे वाळलेल्या रोपाची खूण काढायची नाही असं ठरलेलं आहे.

यावल, रावेर, चोपड्याकडे तुमच्या बांधावर जुना अंजन असेल तर यंदा त्याचा पाला तोडू नका, निदान एक बाजू तरी सोडा. फुलला, शेंग धरली, तर वैशाखाच्या आधी निरोप द्या. खाली अंथरायला ताडपत्री आम्ही घेऊन येतो.