सोळा नंबरची सुई

चामड्याचं जाकीट घरीच शिवायला घेतलं. टाचण्यांची डबी काढली आणि तशीच परत ठेवली. चामड्याला टाचणी कुठली चालायला! मग गॅलरीतल्या दोरीवरचे चिमटे काढून आणले, आणि वाळत घातलेले टॉवेल दुपारभर खुर्चीच्या पाठीवर लोळत पडले.

कापडात सुई शिरली की धागे जरा बाजूला होतात, ती निघाली की पुन्हा जवळ येतात. चामडं बाजूला होत नाही, ते चिरतं. त्याच्या सोळा नंबरच्या सुईचं टोकच पात्यासारखं धारदार असतं. पडलेलं भोक कायमचं. म्हणून टाका मोठा हवा, साडेतीन-चार मिलिमीटरचा. बारीक घातलात तर टपालाच्या तिकिटासारखं तिथूनच फाटणार. इस्त्रीचंही नाव काढायचं नाही. शिवणीच्या आतल्या कडा दोन बाजूंना उघडून रबर सोल्युशनने चिकटवायच्या आणि लाकडी हातोडीने ठोकायच्या. खालच्या मजल्यावरचे काका 'घरात सुतार आलाय का?' म्हणून विचारून गेले.

मला खरा जाच होतो तो उसवता येत नाही याचा. आमच्या घरी उसवणं हा शिवण्याचाच एक भाग होता. आई शाळेचा स्कर्ट बेततानाच चार बोटं कापड आत दुमडायची; पोरीचं वाढतं अंग! जून आला की दुमड सोडायची. बाकी स्कर्ट विटलेला आणि खाली घेरावर दुमडीच्या जागी गर्द निळा पट्टा. झाडाच्या वलयांवरून वय ओळखावं तशी त्या पट्ट्यांवरून इयत्ता ओळखता यायची. चामड्याचं जाकीट मात्र आधी जुन्या चादरीचं शिवून बघायचं, अंगाला बसवायचं, मगच खरं बेतायचं.

चामडं मिळतं चौरस फुटावर. धारावीतल्या दुकानात मेंढीचं मऊ नापा चामडं उलगडलं की मान, पाय, सगळं ओळखू येतं. पाठीचा भाग एकसारखा, पोटाकडचा ताणला जाणारा. माझ्या तुकड्यावर एक जुना ओरखडा होता, काट्याचा किंवा तारेचा. 'ताई, तो कॉलरच्या आत घालवा,' दुकानदार म्हणाला. मी तो खिशाच्या वर घेतलाय. सोसलं मेंढीने, लपवायचं आपण कशाला?

मशीन आजीचं. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू आणि झेंडूची माळ असायची. त्यावर चामडं चढलेलं तिने खपवून घेतलं नसतं. दप्तराचा पट्टा तुटला की कोपऱ्यावरच्या मामांना हाक जायची. ते अंगणात बसून पट्टा दोन्ही तळपायांत धरायचे, दोरा मेणावरून ओढायचे, आरी आरपार घालून तिच्या खाचेत दोरा अडकवून खेचायचे. मशीन नाही, पट्टी नाही, तरी टाके एका ओळीत. पैसे आजी ओट्यावर ठेवायची, हातात द्यायची नाही.

आता जाकीट घालून कुठे गेलं की 'अय्या, चामड्याचं? घरी शिवलंस? काय कला आहे गं!' असं होतं. मीही फुशारते. मामांच्या हाताला आमच्या गल्लीत कुणी कला म्हटल्याचं आठवत नाही. त्यांचा मुलगा एसटीत कंडक्टर म्हणून लागला, त्याच्या हातात आरी येणार नाही याचाच त्यांना आनंद. घरोघर पेढे वाटले त्यांनी. आजीने पेढाही ओट्यावरच ठेवायला सांगितला.