तुम्ही विचारलंत म्हणून: फोन असताना पत्र कशाला, आणि लिहायचं तर काय?

हा प्रश्न मला दोन तुकड्यांत विचारला जातो. पहिला तुकडा लगेच येतो: हातात फोन असताना मैत्रिणींना पोस्टानं पत्रं कशाला पाठवता? दुसरा जरा थांबून, संकोचत येतो: आम्हालाही कुणाला तरी लिहावंसं वाटतं, पण कागद समोर घेतला की सुचत नाही, तुम्ही लिहिता तरी काय?

पहिल्याचं उत्तर थोडक्यात देता येतं. फोनवर आपण कामाचं बोलतो, नाहीतर मोठं बोलतो. लेकीचं लग्न ठरलं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दारातल्या प्राजक्ताला पहिली कळी धरली हे सांगायला कुणी मुद्दाम फोन करत नाही. मैत्रीत बरंचसं असतं ते असलंच काहीतरी, आणि त्याला पत्रात हक्काची जागा मिळते. दुसऱ्याचं उत्तर मात्र सविस्तर द्यावं लागेल. न सुचण्याला पुष्कळदा समोर घेतलेला कागदच कारण असतो. तो फार मोठा असतो. फुलस्केपचं कोरं पान भरायचं म्हटलं की माणूस काहीतरी मोठं सांगायला शोधतो, आणि ते रोज घडत नाही.

म्हणून सुरुवात पोस्टकार्डानं करा. कार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद. मागची बाजू पूर्ण आपली, पुढची डावी अर्धी आपली. साडेसात मिलिमीटरचं अंतर धरलं तर मागे बारा ओळी बसतात, ओळीत सहा-सात शब्द. म्हणजे तिथं ७५-८० शब्द आणि पुढच्या अर्ध्या भागात आणखी वीस-पंचवीस. शंभर शब्दांत मायना, एक बातमी, एक प्रश्न आणि सही एवढंच मावतं, आणि तेवढंच हवं असतं. कार्डावर ५० पैशांचं तिकीट छापलेलं असतं, वीस कार्डांना दहा रुपये. लहान पोस्टात कार्डं कधी कधी संपलेली असतात, तेव्हा शहरातल्या मुख्य पोस्टातून एकदम वीस आणून टेबलाच्या खणात ठेवावीत. घरात कार्ड नसलं की ‘उद्या लिहू’ होतं आणि तो उद्या महिना घेतो. हे कार्ड आपल्याकडे १ जुलै १८७९ पासून आहे. तेव्हा त्याची किंमत पाव आणा होती.

कार्डावर लिहायला बॉलपेनच घ्या. मला स्वतःला शाईचं पेन आवडतं, निळी शाई त्याहून आवडते, पण कार्डाच्या जाड कागदावर ती फुटते. कागदाला पुरेशी खळ नसली की त्याचे तंतू शाई ओढून घेतात, अक्षराला केस फुटल्यासारखे दिसतात आणि ‘ध’ आणि ‘घ’ एकच होऊन बसतात. लिहिण्याआधी कोपऱ्यात एक बारीक रेघ ओढून बघा, लगेच कळतं.

मायन्याची अनेकांना भीती वाटते. ‘स. न. वि. वि.’ म्हणजे सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. नमस्कार झाला, आता सांगायचं ते सांगते, एवढाच त्याचा अर्थ. वडीलधाऱ्यांना तीर्थरूप आणि शिरसाष्टांग नमस्कार लिहावा, त्यांना तो दिसला नाही तर चुकल्यासारखं होतं. बरोबरीच्या माणसाला आपण एरवी जी हाक मारतो तीच लिहावी. पंचवीस वर्षं जिला ‘सुमे’ म्हटलं तिला पत्रात ‘प्रिय सुमन’ लिहिलं की ती बिचारी दचकते.

खरी अडचण मायन्यानंतरच्या पहिल्या वाक्याशी येते. बहुतेक पत्रं अशी सुरू होतात: ‘पत्र लिहायला फार उशीर झाला, क्षमस्व. आम्ही सर्व मजेत आहोत. तुम्हीही मजेत असाल अशी आशा आहे.’ एवढ्यात तीन ओळी गेल्या आणि वाचणारीला काहीच मिळालं नाही. शिवाय उशिराची माफी वाचली की तिला आपलीही उत्तरं राहिल्याचं आठवतं आणि पत्र वाचतानाच ओशाळं वाटू लागतं. त्याऐवजी तिचं मागचं पत्र शेजारी ठेवा, तिनं विचारलेली एक गोष्ट शोधा आणि तिथूनच लिहायला लागा. असं:

‘तू विचारलं होतंस म्हणून सांगते, कुंडीतला कढीपत्ता जगला. शेंडा खुडला आणि कुंडी पूर्वेच्या खिडकीत सरकवली, आता तीन फुटवे आहेत. ताक आंबट झालं की पाणी घालून पातळ करते आणि मुळाशी ओतते. तुझा ओवा आहे का अजून, की या पावसात गेला?’

यात मोठं काही नाही. पण खिडकी कोणती, फुटवे किती, मुळाशी काय ओतलं हे सगळं आहे, त्यामुळे वाचणारीला ती कुंडी दिसते. शेवटचा प्रश्न मुद्दाम असा आहे की त्याचं उत्तर एका ओळीत देता येईल आणि ते देताना तिचीही एखादी गोष्ट निघेल. ‘तब्येत कशी आहे?’ या प्रश्नाला ‘बरी आहे’ एवढंच उत्तर येतं आणि पुढचं पत्र तिथंच अडतं.

प्रश्न आठवणीत राहत नाहीत, म्हणून एक लहान वही ठेवावी. प्रत्येक माणसाला एक पान. वर पत्ता, खाली त्याच्या आवडीनिवडी जशा कळतील तशा: चहा कोरा, साखर नको. हापूसपेक्षा पायरी. कारलं गूळ घातल्याशिवाय चालत नाही. गाडीत खिडकीची जागा लागते. गवारीच्या भाजीत तिळकूट हवं. मग बाजारात पहिली पायरी दिसली की कुणाला लिहायचं हे आपोआप ठरतं: ‘आज मंडईत पायरी आली, अजून कडक आहे, तुझी आठवण झाली.’ दहा शब्दही पुरतात. त्याच पानावर कार्ड पाठवल्याची तारीख आणि त्यात काय लिहिलं याचा एखादा शब्द टाकावा, नाहीतर कढीपत्त्याची हकीकत तिलाच दोनदा जाते.

कार्ड वाटेत कुणालाही वाचता येतं. पैशांचं, दुखण्याचं, घरातल्या भांडणाचं त्यावर लिहू नये. त्यासाठी अडीच रुपयांचं, घडी घालून बंद करायचं अंतर्देशीय पत्र. ते पातळ असतं, पलीकडची शाई दिसते, तेव्हा हात हलका ठेवा. दुमडायच्या कडांपासून एक सेंटिमीटर तरी जागा सोडा. डिंक तिथं लागतो, आणि पत्र हातात आल्यावर माणसाला धीर नसतो, तो बोटानंच फोडतो. नेमक्या घडीवर लिहिलेल्या दोन ओळी फाटून जातात आणि मग दोन्ही तुकडे जुळवत बसावं लागतं. सगळं लिहून झाल्यावर आठवलेलं ‘ता. क.’ घडीच्या पट्टीवर लिहायची पद्धत आहे, पण तिथं महत्त्वाचं काही टाकू नका.

पाकिटाला पाच रुपयांचं तिकीट, ते २० ग्रॅमपर्यंत. आपला नेहमीचा ८० जीएसएमचा ए-४ कागद बरोबर पाच ग्रॅम भरतो. तीन कागद झाले पंधरा, वर पाकिटाचं वजन. चौथा कागद किंवा एखादा फोटो घातला की काटा ओलांडतो. मग पत्र नॉटपेड होतं आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे पोस्टमन मैत्रिणीकडून घेतो. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकदा ठेवून बघितलं की झालं.

ज्या घरात माणूस गेलं आहे त्या घराला लिहायचं पत्र लोकांना सगळ्यात अवघड वाटतं, आणि म्हणून ते लिहिलंच जात नाही. ते जरूर लिहा, आणि बंद पत्रात लिहा. दुःखाच्या पत्रावर डोक्याशी ‘श्री’ घालत नाहीत. जुन्या माणसांच्या हे लगेच लक्षात येतं, तेव्हा तेवढं सांभाळावं. गेलेल्या माणसाचं नाव किंवा नातं स्पष्ट लिहा. ‘झालेली दुःखद घटना’ अशा शब्दांत ते माणूस हरवतं. त्यानंतर त्या माणसाची एक लहानशी गोष्ट: काकांना पुरणपोळीवर दूध चालत नसे, तूपच लागायचं, आणि ते स्वतः वाढून घ्यायचे. घरातल्यांना अशा वेळी याचाच आधार असतो, की आपल्याशिवाय आणखी कुणाला तरी हे ठाऊक आहे. कसं झालं, कोणता डॉक्टर होता, हे विचारू नका. ते त्यांनी शंभरदा सांगितलेलं असतं. ‘काही लागलं तर कळव’ असंही लिहू नका, कारण कुणी कळवत नाही. ‘रविवारी दुपारी चारला येते, संध्याकाळचा डबा घेऊन येते’ असं लिहा आणि तसं जा. शेवटी ‘उत्तराची घाई नाही’ एवढं घाला. आणि महिन्याभरानं दुसरं पत्र टाका. तेरावा झाला की पाहुणे पांगतात, घरातल्या ताटांची संख्या एकदम कमी होते, आणि त्याच सुमारास पत्रं यायची थांबलेली असतात.

पेनाविषयीही विचारतात, ते पटकन सांगते. देवनागरीला मध्यम जाडीचं निब बरं, फार बारीक निब शिरोरेघ ओढताना कागद खरवडतं. शिरोरेघ शब्द पूर्ण झाल्यावर एकदम ओढा. ड्रॉपरनं शाई भरायचं पेन असेल तर टाकी एक तृतीयांशाच्या खाली जाऊ देऊ नका. रिकाम्या जागेतली हवा हाताच्या उबेनं प्रसरण पावते, शाईला पुढे ढकलते आणि कागदावर थेंब पडतो. पेन महिनाभर वापरायचं नसेल तर ते कोमट पाण्यानं, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन ठेवा. चित्रकलेची काळी वॉटरप्रूफ शाई त्यात कधीही भरू नका, तिच्यात लाख असते आणि ती आत वाळली की पेन कायमचं बसतं. आपल्याकडे शाई सहज मिळते ती दांडेकरांच्या कॅम्लिनमुळे. मुंबईत १९३१ साली ‘हॉर्स ब्रँड’ शाईपासून त्यांनी सुरुवात केली. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर मात्र माझी आवडती निळी बाजूला ठेवून काळीनं आणि दीडपट मोठ्या अक्षरांत लिहावं.

पत्ता कशानंही लिहा, पण धुतला जाईल अशा शाईनं नको. जुलैत पोस्टमनची पिशवी भिजतेच. शाईनंच लिहिला असेल तर वाळल्यावर त्यावरून मेणबत्तीचं टोक हलकेच फिरवा, पाणी ओघळून जातं. ‘मु. पो.’ सवयीनं लिहिलं जातं, पण ते त्या गावात स्वतःचं पोस्ट असेल तरच बरोबर. नसेल तर ‘मु.’पुढे गाव आणि ‘पो.’पुढे ज्या गावचं पोस्ट लागतं त्याचं नाव. पिनकोडचे सहा आकडे ही श्रीराम भिकाजी वेलणकरांची कल्पना, १५ ऑगस्ट १९७२ पासूनची. पहिले तीन आकडे पत्र कुठल्या भागात छाननीला जाणार ते सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट. हे आकडे जिल्ह्याच्या हद्दीप्रमाणे चालत नाहीत. साताराही ४१५ आणि रत्नागिरीही ४१५; कोल्हापूर ४१६ आणि सावंतवाडीही ४१६. एखादा आकडा चुकला तर पत्र घाट उतरून जाऊ शकतं, म्हणून पिन असला तरी तालुका आणि जिल्हा लिहाच.

पेटीत टाकण्याआधी तिच्यावरची वेळेची पाटी वाचा. पेटी उघडायची वेळ टळून गेली असेल तर पत्र दुसऱ्या दिवसावर जातं. तोंडाशी कोळिष्टकं असतील तर त्या पेटीच्या नादी न लागता थेट पोस्टात जा.

उत्तर आलं नाही तर काय करायचं, हेही विचारतात. पुढचं कार्ड लिहायचं, आणि त्यात मागच्याचा उल्लेख करायचा नाही. पूर्वी जोडकार्ड मिळायचं, एक आपण लिहायचं आणि दुसरं कोरं उत्तरासाठी. तेच घरी करता येतं. आपला पत्ता घातलेलं कोरं कार्ड पाकिटात ठेवून द्या. ज्यांचा हात थरथरतो किंवा ज्यांना पोस्टात जाणं होत नाही, त्यांच्याकडून एवढ्यानंही उत्तर येतं.

आलेली पत्रं पूर्वी घराघरांत तारेच्या आकड्याला टोचून ठेवत. तार मधोमध जाते, गंजते आणि नेमका एक शब्द प्रत्येक पत्रातून खाते. टाचणी आणि स्टेपलही कोकणच्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजतात, रबरबँड वितळून कागदाला चिकटतो. चपलांचा रिकामा खोका आणि सुती दोरा पुरतो. पोस्टाचा शिक्का बऱ्याचदा पुसट असतो, म्हणून पत्र हातात आलं त्याच दिवशी कोपऱ्यात पेन्सिलीनं ‘मि.’, म्हणजे मिळालं, असं लिहून तारीख घाला. उत्तर टाकलं की तिच्याखाली ‘उ.’ आणि त्या दिवसाची तारीख. दर रविवारी खोका उघडून वरची चार-पाच पत्रं चाळायची, आणि ज्याच्या कोपऱ्यात नुसतंच ‘मि.’ आहे ते बाहेर काढून कार्डांशेजारी ठेवायचं.