उद्या एकादशी, म्हणून आज मिठाविषयी

उद्या आषाढी. ‘हृदयाचं पंपिंग कमी आहे’ असं निदान झालेल्या किती घरांत आज सैंधवाची पुडी येईल, हा विचार सकाळपासून डोक्यातून जात नाही. सैंधव उपवासाला चालतं, पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. अंगात पाणी साठवण्यात ते साध्या मिठाहून मागे नाही. दिवसाचं सगळं मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. खिचडी, वेफर्स, उपवासाचा चिवडा, लिंबाचं लोणचं, सगळं त्यातच मोजायचं. ‘लो सोडियम’ मिठाची भीती मला जास्त वाटते. त्यात पोटॅशियम असतं; स्पायरोनोलॅक्टोन किंवा रॅमिप्रिल ही हृदयासाठीची गोळी चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. खिचडीला चव जिरं, मिरची, लिंबू आणि खमंग कुटानेही येते.

मिठाने किती पाणी धरलं ते वजनकाट्यावर कळतं. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत वजन करावं. काटा फरशीवर ठेवावा, सतरंजीवर आकडा चुकतो. वजन कॅलेंडरवर लिहावं. तीन दिवसांत २ किलोहून जास्त वाढ म्हणजे चरबी नव्हे, पाणी. बहुतेकदा धाप लागण्याआधीच ती दिसते. नडगीवर अंगठा दाबला की खड्डा राहतो, झोपायला एक उशी जास्त लागते, ही तिचीच भावंडं. अशा वेळी पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर थेट १०८.

निर्जळी मात्र नकोच. लघवीची गोळी पाणी काढत राहते, वरून पाणी जात नाही; मग रक्तदाब उतरतो, उठताना चक्कर येते, मूत्रपिंडावर ताण पडतो. मधुमेह असून डापाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर काढणारी गोळी) चालू असेल तर उपाशी राहिल्याने रक्तात किटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, वाढण्याचा धोका असतो, म्हणून आजच डॉक्टरांना विचारून घ्यावं. मेटोप्रोलॉलसारखी हृदयाचे ठोके आवरणारी गोळी उपवास म्हणून एक दिवसही चुकवू नये.

देवळातल्या रांगेत उभं राहून गुडघे दुखले की डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतली जाते. या गोळ्या मीठ-पाणी अडवतात आणि लघवीच्या गोळीचा परिणाम कमी करतात. पॅरासिटामॉल त्या मानाने बरी, पण पाण्यात फसफसणारी नको. तिच्यात सोडियम भरपूर असतं.