बांधाची लांबी नको, उघाडीचं बोला

पेण-अलिबागच्या खाडीकाठची खारजमीन वाचवायचा सरकारी आराखडा निघाला की चर्चा बांधाच्या किलोमीटरची होते. भातशेती तरते ती मात्र उघाडीवर, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेच्या दारावर.

उघाडीची झडप वरच्या बिजागरीवर लोंबते. भरतीचं पाणी ती बाहेरून दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून खाडीत उतरतं. बुडाशी ओंडका अडकला किंवा कालवं (शिंपले) धरली की बोटभर फट राहते, तिच्यातून खारं पाणी आत येतं, आणि भरती दिवसातून दोनदा येते! लाकडी झडप कुजते, लोखंडी गंजते. बाहेरच्या तोंडाशी गाळ बसला तर उलटं होतं, पाणी निघत नाही आणि रोप बुडून कुजतं. त्यामुळे झडप नि बाहेरचा चर मे महिन्यातच साफ हवा. आराखड्यात या कामाला दरवर्षीचा पैसा हवा, एकदाचा नव्हे.

बांधाची उंची उधाणाच्या भरतीवर लाटांचा मार धरून ठरवायची, चिकणमाती थराथराने दाबायची. घात होतो तो खेकड्याच्या बिळाने. बिळातून पाणी झिरपू लागलं की माती वाहते आणि खांड पडते, म्हणजे बांध फुटतो. मग प्रत्येक भरती-ओहोटी ती रुंदावत नेते. खांड बुजवायची ती भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, भरती कमी चढते तेव्हा.

खारं पाणी शिरलेल्या जमिनीला सावरायला साधारण दोन-तीन पावसाळे लागतात. शेताला बांध घालून पाऊस साठवायचा, मीठ विरघळू द्यायचं, ओहोटीला पाणी सोडायचं, पुन्हा साठवायचं. पाण्याचा निचरा नसेल तर नुसत्या जिप्समने काही होत नाही. कापणीनंतर ओल असतानाच उथळ नांगरट करावी, नाहीतर उन्हाळ्यात मीठ वर चढतं. बियाणं पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचं, पनवेल 1, 2 किंवा 3. मोड आलेलं बी फेकून पेरणारेही बरेच आहेत.

वेळ दवडणं सगळ्यात महाग पडतं. खांड वर्षानुवर्षं उघडी राहिली की शेतात कांदळवन, म्हणजे खारफुटी, उगवतं. उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर खासगी जमिनीतलं कांदळवनही तोडता येत नाही, सार्वजनिक हिताच्या कामालासुद्धा न्यायालयाची परवानगी लागते. म्हणजे सातबारावर भातशेती आणि जागेवर संरक्षित वन. अशा जमिनींची मोजणी आराखड्यात आधी व्हावी, बांधाचं अंदाजपत्रक त्यानंतर.