मोठ्यांच्या कपाटातली पुस्तकं

परीक्षा संपल्या की आमच्या वाचनालयात आयांची वर्दळ वाढते. पोरगं बाहेर सायकलवर एक पाय टेकून उभं, आणि आई माझ्या टेबलापाशी. "मॅडम, मोबाइल सुटेल असं काहीतरी द्या." वर्ग विचारावा तर स्वारी आठवीतून नववीत गेलेली असते. आई मात्र सरळ बालविभागाकडे वळते आणि शेवटी तात्पर्य छापलेली रंगीत पुस्तकं उचलते. मिसरूड फुटायला लागलेल्या पोराच्या हातात सिंह आणि उंदीर!

सहावी-सातवीपर्यंत मला काळजी नसते. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे आजही हातोहात जातो. त्याच्या पुस्तकांना चिकटवलेला तारखांचा कागद दर मे महिन्यात भरतो आणि मी वर नवा डकवते. 'किशोर'चे बांधीव अंक चालतात. बालभारतीने हे मासिक 1971 साली सुरू केलं. जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात, तरी मुलांना जाडजूड गठ्ठा मांडीवर घेऊन चाळायलाच आवडतं.

पुढे आठवीपासून नावं गळायला लागतात. मुलांना वाचायचं नसतं असं नाही. तेरा ते सोळा या वयासाठी म्हणून लिहिलेली मराठी पुस्तकं फार थोडी आहेत. मग बालविभागात त्यांना लाज वाटते आणि मोठ्यांच्या कपाटाला मोठी माणसं हात लावू देत नाहीत. मी लावू देते. कार्यकारिणीतले एक काका अधूनमधून कुरकुरतात, पण ते स्वतः फक्त वर्तमानपत्र वाचायला येतात.

ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज असलेल्या घरातला एक मुलगा आहे. गोष्टीबिष्टी नकोत म्हणाला. त्याला प्रभाकर पेंढारकरांचं 'रारंगढांग' दिलं. हिमालयात सरळसोट कड्यातून रस्ता काढायचाय, सुरुंग लावायचेत, आणि नव्याने आलेला इंजिनिअर विश्वनाथ लष्करी वरिष्ठांशी हुज्जत घालतोय. पेंढारकर माहितीपट बनवणारे, त्यामुळे काम कसं चालतं ते डोळ्यांपुढे उभं राहतं. पोरगं परत आलं ते सुरुंगाबद्दल प्रश्न घेऊन. दारू किती भरायची हे कोण ठरवतं? दगड कुठल्या बाजूला उडणार हे आधी कळतं का? मला काय माहीत! शेजारच्या गावात विहिरी खोदणारे एक जण आहेत, त्यांच्याकडे पाठवलं. तिथे चांगला तासभर बसून आला. त्याच्या आईचा प्रश्न मात्र वेगळाच, "यातून काय शिकला तो?" मी म्हटलं, पुढचं पुस्तक न्यायला आपणहून आलाय.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955 सालची. छोटीशीच आहे. एक कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. घरी मेंढरं असलेल्या एका मुलीने ती नेली आणि रोज संध्याकाळी आजोबांना वाचून दाखवली. आजोबांनी घोंगडीबद्दल एक हरकत घेतली म्हणे, बाकी सगळं मान्य केलं. माडगूळकरांना यापेक्षा कडक परीक्षक मिळाला नसता.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मुलींना देताना मी सुरुवातीची पानं स्वतः वाचून दाखवते. जुनी भाषा बघून त्या बिचकतात, पण वडिलांच्या सोवळ्याचे किस्से सुरू झाले की खुसुखुसु हसतात. 'एक होता कार्व्हर' तर सांगावंच लागत नाही. त्याच्या लेखिका वीणा गवाणकर स्वतः ग्रंथपाल होत्या, त्यामुळे ते पुस्तक देताना मी जरा जास्तच बोलते.

जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्यांचं मात्र मला कौतुक नाही. पालकांना त्या फार आवडतात, कारण हातात धरल्या की अभ्यास चाललाय असं दिसतं. एखादा पोरगा फडशा पाडतो, त्याला खुशाल द्या. बाकीच्यांच्या खुणेचा कागद जूनमध्येही पहिल्या शंभर पानांत असतो. न आवडलेलं पुस्तक अर्ध्यावर परत करायला आमच्याकडे मुभा आहे. 'का सोडलंस?' असंही मी विचारत नाही.

जवळच्या एका शाळेने मागच्या वर्षी सुट्टीत वाचलेल्या पुस्तकांचे सारांश सजवलेल्या वहीत लिहून आणायला सांगितले होते. मुलं हुशार. पुस्तक नेलं, मलपृष्ठावरचा मजकूर उतरवला, दुसऱ्या दिवशी परत! एकाने तर घरीही नेलं नाही, इथेच बाकावर बसून उरकलं. वहीला मोरपिसाची किनार होती, छान काढली होती.

नववीतून दहावीत जाणाऱ्यांची गत आणखी वाईट. पेपर संपतात न संपतात तोच क्लास सुरू. त्यांच्यासाठी मी 'माणदेशी माणसं'सारखी व्यक्तिचित्रांची पुस्तकं बाजूला काढून ठेवते. एका बैठकीत एक माणूस वाचून होतो, क्लास सुटल्यावर जेवणाच्या आधी.

सुट्टीपुरती मुलांकडून अनामत घेत नाही. शाळेचं ओळखपत्र आणा, संध्याकाळी पाच ते आठ मी असते. 'रारंगढांग'ला सध्या तीन नंबर लागलेत. कोणाच्या घरी जादा प्रत पडून असेल तर आणून द्या, आमच्या प्रतीची शिवण उसवली आहे.